अगम्य भाषेत आरडाओरडा

ते पुस्तक मी लायब्ररीतून तीनदा आणलं होतं.
दोन भावंडं, एक फुगा, हरवलेल्या काकाचा नकाशा.
वाचताना फुग्यात मीच असायचे.
पुस्तकात कुणाचं तोंड दिसत नाही,
ती एक सोय असते.

मग त्याचा सिनेमा निघाला.
एक्कावन्नचा हिवाळा, आबोंना बोट मिळत नव्हती.
भट्टीत कोळसा ओढत सात समुद्र पालथे घातलेला माणूस,
दोनदा टॉर्पेडो खाऊन पोहत परत आलेला,
घरात बसून माझ्या आईचे बटाटे सोलत होता.
तेव्हा ब्यूट स्ट्रीटच्या खानावळीत
उंटाच्या रंगाचा कोट घातलेला एक साहेब आला.
पंधरा जण हवेत, म्हणाला. जंगली.
अनुभव नसला तरी चालेल.

लॉरीतून लंडनला नेलं.
पत्र्याच्या शेडमध्ये आफ्रिकेतली नदी होती,
छातीएवढी खोल, डिसेंबरची.
रबरी मगर दोघं जण दोरीने ओढायचे.
आबो पुरेसे काळे नाहीत असं ठरलं,
म्हणून त्यांच्या तोंडाला काळं फासलं
आणि त्याचे रोज तीस शिलिंग दिले.

मार्चमध्ये शनिवारच्या खेळाला आम्ही सगळी गल्ली गेलो.
तिकिटाच्या रांगेत मीच सांगत सुटले होते,
माझे आबो आहेत, माझे आबो आहेत.
फुगा खाली आला. वेलींतून भाले निघाले.
आणि पाण्यात उभं राहून आबो ओरडले,
पडदा फाटेल एवढ्या मोठ्यांदा:
शाही मेये! शाही मेये!

फुग्यातला सोनेरी केसांचा मुलगा बहिणीला म्हणाला,
‘चंद्रदेव कोपलाय. त्यांना रक्त हवंय.’

शाह म्हणजे चहा.
चहा कुठाय, विचारत होते आबो.
सकाळपासून पाण्यात होते ते.

थिएटरात सातशे पोरं, आणि हसू फक्त मला आलं.
मग बंदूक झाली, आबो उताणे पडले,
सातशे पोरांनी पाय आपटले, शिट्ट्या मारल्या.
माझेही पाय आपटले.
हे मी आईला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीत तोच खेळ.
फुगा म्हणजे कोळशाची हातगाडी.
गाडीत टेरेन्स आणि ग्लेनिस,
मला दिव्याच्या खांबाला बांधायचे.
एका दुपारी मी म्हटलं, मी गाडीत बसणार.
टेरेन्स म्हणाला, दाहाबो, तू तशी दिसत नाहीस.
तो वाईट मुलगा नव्हता. त्याने तोच सिनेमा पाहिला होता.
मग मी म्हटलं, बरं, मी दुभाषी होते.
दुभाष्याशिवाय तुम्हाला नदी ओलांडता यायची नाही.
पुस्तकात दुभाषी नव्हता.
ग्लेनिसने थोडा विचार केला आणि सरकून जागा दिली.

आता ब्याऐंशी वर्षांची आहे मी.
परवा इथल्याच सभागृहात तो सिनेमा पुन्हा दाखवला,
धुऊन पुसून, रंग उजळून,
बहिऱ्यांसाठी खाली अक्षरं घालून.
माझेही कान गेलेत, अक्षरं वाचत होते.
भाले निघाले. आबो आले.
किती तरुण होते. माझ्या नातवापेक्षा लहान.
त्यांनी तोंड उघडलं
आणि त्यांच्या छातीवर पांढरी अक्षरं उमटली:
अगम्य भाषेत आरडाओरडा.

मी अंधारात उभी राहिले.
म्हटलं, चहा मागतायत ते.
कुणीतरी शूः केलं.
मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यांदा, त्यांच्याच आवाजात.

दिवे लागल्यावर एक पोरगेलासा मुलगा वही घेऊन आला.
यंत्र चालवणारा तोच. कान लालबुंद.
म्हणाला, बाकीचे काय म्हणतात तेही सांगाल?
आम्ही दोघं पुन्हा आत बसलो.
पहिला हर्गेसाचा, वर्समे, तो मगरीला शिव्या देतोय.
कुठल्या, ते लिहू नकोस.
दुसरे आबो.
तिसरा नुसताच खोकतोय, त्याच वर्षी गेला तो.

आणि चौथा? त्याने विचारलं.
चौथा उंच होता, कडेला, अर्धा चौकटीबाहेर.
भाला खाली धरून काहीतरी हळूच बोलत होता.
मी तीनदा मागे फिरवायला लावलं.

तो फ्रीटाऊनचा, मी म्हटलं.
त्याची भाषा मला येत नाही.
त्याची मुलगी स्प्लॉटला राहते, तिला विचार.
आणि जाताना फोन करून जा,
ती दुपारची झोपते.